पान दोनशे अकरावरची तळटीप

नीराबाईला वाचता येत नव्हतं, आणि जवळजवळ पन्नास वर्षं त्यावाचून तिचं काही अडलंही नव्हतं. तिचा धंदा दगडाचा. मुरुडच्या वेशीबाहेर रस्त्याच्या कडेला तिचं पत्र्याचं घर होतं. तिथं ती पाटे, वरवंटे, उखळं घडवायची आणि गावोगाव फिरून गुळगुळीत झालेल्या जुन्या पाट्यांना छिन्नीनं टाकी लावून द्यायची. दगडावर हातोडीची एक टिचकी मारली की तो कुठून फुटेल आणि कुठून फुटणार नाही, हे तिला आवाजावरून कळायचं. नवरा विठोबा त्याच कामातला, पण त्याचा जीव घडवण्यापेक्षा शोधण्यात जास्त रमायचा. ओढ्याओढ्यांतून दिवसभर फिरून तो चांगल्या जातीचा काळा दगड हुडकून आणायचा.

असाच एकदा आतल्या डोंगरात, सावरघळीत, त्याला एक वेगळाच दगड मिळाला. आंब्याच्या मोठ्या कोयीसारखा, दोन्ही अंगांनी छिलके उडवून धार काढलेला. विठोबानं तो घरी आणून बायकोच्या पुढ्यात ठेवला. नीराबाईनं तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाली, हा आपोआप झालेला नाही. कुणीतरी घडवलाय, आणि लोखंडाशिवाय घडवलाय.

त्या वर्षी डॉ. धनेश चौबळ मुरुडच्या एका लॉजवर मुक्काम ठोकून होते. विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवायचे आणि जुना समुद्र कुठवर होता ते किनाऱ्यावरच्या खडकांवरून मोजत फिरायचे. विठोबा त्यांच्याकडे तो दगड घेऊन गेला. चौबळांनी भिंग लावून तो सगळ्या बाजूंनी पाहिला, मग विठोबाला खुर्चीवर बसायला सांगितलं. त्याला कुणी साहेबानं खुर्ची दिल्याची ती पहिलीच वेळ. ही हातकुऱ्हाड आहे, ते म्हणाले, लाखो वर्षांपूर्वीच्या माणसाची. कोकणच्या या पट्ट्यात असं काही आहे, हे कुणी मानायला तयार नाही.

पुढचे तीन हिवाळे सावरघळीत खोदकाम चाललं. विठोबा, नीराबाई आणि घळीच्या खालच्या वाडीतला बाळाजी असे तिघं कायमचे कामाला होते. विद्यार्थी यायचे, जायचे. दुपारी भाकरी खाताना चौबळ सांगायचे, तेव्हा समुद्र कुठं होता, जांभ्याचा तांबडा दगड कसा तयार झाला, माणूस दोन पायांवर कधी उभा राहिला. विठोबा घास हातात धरून ऐकत बसायचा. घरी आल्यावर तेच सगळं तो राहीला, त्यांच्या मुलीला, सांगायचा. शेवटच्या हिवाळ्यात राही बारावीत होती.

तिसऱ्या वर्षी खड्डा क्रमांक तीन अकरा फूट खाली गेला. फळ्यांचा आधार दिल्याशिवाय सहा फुटांखाली माणूस उतरवायचा नाही, अशी परवानगीत अट होती. फळ्या आल्या नव्हत्या, आणि परवानगीची मुदत चार दिवसांत संपत होती. विद्यार्थी परीक्षेसाठी परत गेले होते. त्या सकाळी विठोबानं पूर्वेच्या भिंतीच्या बुडातून एकामागून एक नऊ हातकुऱ्हाडी काढल्या आणि टोपलीतून वर दिल्या. चौबळ लहान मुलासारखे खड्ड्याभोवती फिरत होते. विठोबा खालून म्हणाला, साहेब, भिंतीला वरून भेग पडली आहे. चौबळ म्हणाले, "अजून एक हात खाली जा, मग थांबू."

नीराबाईनं हे शब्द ऐकले आणि टोपली घेऊन ती ओढ्यावर कुऱ्हाडी धुवायला गेली. पन्नास पावलांवर. पाचवी कुऱ्हाड तिच्या हातात होती तेव्हा मागं पोतं आपटावं तसा आवाज झाला.

विठोबाला बाहेर काढायला पाऊण तास लागला. बाळाजी आणि ती हातांनी माती उपसत होते. चौबळ मोबाइलला रेंज मिळते का ते पाहत चढावर गेले होते. परत आले ते पोलीस आल्यावरच. त्यांनी जबाब दिला की खड्डा आदल्या दिवशीच बंद केला होता. हा माणूस विकायला दगड मिळतील म्हणून आपल्या मनानं आत उतरला असावा. घाबरून बाळाजीनंही त्याच जबाबाखाली सही केली. नीराबाईचं म्हणणं कुणी लिहून घेतलं नाही. धुतलेल्या कुऱ्हाडी चौबळांनी त्याच दुपारी गाडीत घातल्या.

विठोबा चोर ठरला, पण ते पोलिसांच्या कागदात. कागद कपाटात गेला की लोक विसरतात, असं नीराबाईनं मनाला समजावलं. सहा वर्षं तिनं तशीच काढली. राही शिकली आणि नागावच्या एका होमस्टेवर गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायला लागली. नागावच्या होमस्टेवाल्यांना बागेत मांडायला जुनी जाती आणि उखळं हवी असायची. जुनी इतकी आणायची कुठून? मग नीराबाई नवीच घडवून जुनी करून द्यायची. जांभ्याची माती, आंबट ताक, हिरड्याचं पाणी आणि खाडीचा चिखल, यांत तीन-चार महिने पुरून ठेवलं की दगडावर आजोबांच्या काळची साल चढायची. मुंबईचे पाहुणे त्या उखळांशेजारी उभे राहून फोटो काढायचे.

त्याच होमस्टेवर एका पाहुण्याच्या हातात राहीला एक जाड पुस्तक दिसलं. मुखपृष्ठावर हातकुऱ्हाडीचा फोटो, वर नाव 'जांभ्याखालचा माणूस', खाली डॉ. धनेश चौबळ. आठवडाभरात तिनं अलिबागच्या वाचनालयातून ते मिळवलं आणि मुरुडला आली. आधी तिनं शेवटची नामसूची पाहिली. विठोबा हे नाव त्यात नव्हतं. मग सावरघळीचं प्रकरण चाळता चाळता पान दोनशे अकरा आलं. तिथं तळाशी बारीक अक्षरांत चार ओळी होत्या. राहीनं त्या मनात वाचल्या आणि पुस्तक मिटलं. आईनं दोनदा विचारल्यावर तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं.

"खड्डा क्रमांक तीन बंद केल्यानंतर दुसऱ्या दिवशी स्थानिक दगडचोरांनी केलेल्या अनधिकृत खोदकामामुळे पूर्वेची भिंत ढासळली व त्यात एक इसम दगावला. परिणामी या भिंतीचा छेद नोंदवता आला नाही."

"परत वाच," नीराबाई म्हणाली.

राहीनं परत वाचलं.

एक इसम. नीराबाई त्या दिवशी जेवली नाही. कपाटातला कागद वेगळा आणि पुस्तक वेगळं, हे तिला वाचता येत नसूनही कळत होतं. पुस्तक पोरं शिकतात. उद्या राहीची पोरं शाळेत जातील आणि त्यांच्या आजाला दगडचोर म्हणणारं पुस्तक त्यांच्या शाळेच्या कपाटात असेल.

पुढच्याच महिन्यात चौबळांचं अलिबागला व्याख्यान होतं. नीराबाई राहीला घेऊन गेली आणि व्याख्यान संपेपर्यंत मागं बसून राहिली. नंतर टेबलाशी जाऊन तिनं त्यांना सांगितलं की एवढ्या चार ओळी काढा, दुसरं काही नको. चौबळांनी तिला ओळखलं. ते रागावले नाहीत. एका मुलीच्या प्रतीवर सही करता करता शांतपणे म्हणाले, "हे बघ नीरा, पुस्तकात मी पुराव्याशिवाय एक अक्षर लिहीत नाही. पोलिसांचा कागद आहे माझ्याकडे. तुझ्याकडे त्याच्याविरुद्ध काही असेल तर घेऊन ये."

एवढं बोलून त्यांनी पुढची प्रत ओढली.

एसटी स्टँडवर मुरुडची गाडी लागली तेव्हा नीराबाई राहीला म्हणाली, "त्याचं पुस्तक वाच मला. पयल्या पानापास्नं. एक वळ सोडू नको."

होमस्टेला सोमवारी सुट्टी असायची. प्रत्येक सोमवारी दुपारी राही वाचायची आणि नीराबाई टाकी चालवत ऐकायची. ज्वालामुखीचे थर, समुद्राची चढउतार, आफ्रिकेतून निघालेली माणसं, हे सगळं तिनं ऐकलं. त्यातलं बरंच तिला विठोबाच्या तोंडून माहीत होतं. कधी टाकी थांबवून ती म्हणायची, हे साहेबाला विठोबानं दाखवलं होतं. दगडाला कुठल्या कोनात घाव बसतो ते लिहिलेलं ऐकून तिनं मान हलवली. चौबळांनी कोन चुकीचा लिहिला होता.

सहाव्या प्रकरणाशी मात्र तिनं हातातलं काम खाली ठेवलं. माणसानं घडवलेला जुना दगड ओळखायचा कसा, त्याचं ते प्रकरण होतं. त्यात लिहिलं होतं की घावांची ठेवण पाहावी, दगडावर चढलेली साल पाहावी, आणि सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे उडालेले छिलके. छिलका परत आपल्या जागी तंतोतंत बसला, तर तो त्याच दगडाचा आणि त्याच वेळचा, याबद्दल वाद उरत नाही. हे पान नीराबाईनं तीन सोमवार वाचून घेतलं.

राहीनं तिला आणखी एक गोष्ट सांगितली. पुस्तकावर सगळेच खूश नव्हते. डॉ. मृणाली वर्तक नावाच्या ज्येष्ठ बाईंनी एका नियतकालिकात परीक्षण लिहिलं होतं. एकच जागा, त्यातही महत्त्वाच्या भिंतीचा छेद, म्हणजे थरांचा नकाशा, नोंदवलेला नाही. दुसरी अशी जागा दाखवा, तोवर हे मान्य करता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि सावरघळीत आता जाऊन पाहायची सोय नव्हती. रिसॉर्टच्या रस्त्यासाठी तिथं भराव पडला होता.

"म्हंजी त्याला दुसरी जागा पायजे," नीराबाई म्हणाली.

"हो. फार गरज आहे त्याला."

त्या पावसाळ्यात नीराबाईनं पाटे घडवले नाहीत. विठोबा खडकाच्या ज्या शिरेतून काळा दगड आणायचा, तिथलेच दगड तिनं आणले. लोखंड बाजूला ठेवून ओढ्यातल्या गोट्यानं ते फोडायला घेतले. पहिले वीस वाया गेले. बोटं सुजली, एक नख गेलं. हळूहळू हाताला कळायला लागलं की त्या जुन्या माणसानं कुठं घाई केली असेल आणि कुठं दम धरला असेल. चाळीसेक दगडांतून सात कुऱ्हाडी तिच्या मनासारख्या उतरल्या. प्रत्येक कुऱ्हाडीचे छिलके तिनं वेगळ्या फडक्यात बांधले आणि फडक्याला एकापासून सातापर्यंत गाठी मारल्या. मग कुऱ्हाडी तेवढ्या जांभ्याच्या मातीत, ताकात, हिरड्याच्या पाण्यात आणि खाडीच्या चिखलात पुरल्या. छिलके कोरडे ठेवले.

दिवाळीनंतर ती बाळाजीच्या वाडीवर गेली. इतकी वर्षं तो तिला पाहिलं की वाट बदलायचा. आता घराच्या दारात ती उभी राहिल्यावर त्याला वाट उरली नाही. तो विहीर खोदत होता आणि विहिरीत गोट्यांचा थर लागला होता, हे तिला ठाऊक होतं. पिशवी खाली ठेवून तिनं काय करायचं ते सांगितलं. बाळाजी घामानं ओला झाला. पुन्हा पोलीस येतील, तो म्हणाला.

"तू सई केलीस तवा मी काय बोलले न्हाय," नीराबाई म्हणाली. "आता तू काय बोलू नको."

बाळाजीनं पिशवी उचलली.

त्याचा फोन गेल्यावर तिसऱ्या दिवशी चौबळ हजर झाले. विहिरीच्या ओल्या थरात रुतलेली पहिली कुऱ्हाड त्यांनी स्वतःच्या हातानं काढली. नंतर बाळाजीनं सांगितलं, साहेबांचे डोळे भरून आले होते. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या कुणाला दाखवलं नाहीस ना, एवढंच विचारलं. सातही कुऱ्हाडी प्रयोगशाळेत तपासणीला पाठवायला हव्या होत्या, पण त्याला तीन-चार महिने लागले असते आणि पुस्तकाची दुसरी आवृत्ती छापखान्यात जायची होती. चौबळांनी सात फोटो आणि एक नवं प्रकरण तेवढं वाढवलं.

राहीनं आईला ते प्रकरण वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं, "विहिरीतील सात व सावरघळीतील सत्तावीस हातकुऱ्हाडी यांत भेद करणे केवळ अशक्य आहे, त्या जणू एकाच हातच्या आहेत." नीराबाईनं टाकी खाली ठेवली. आबा गेल्यापासून राहीला आईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू दिसलं, आणि ते पाहून तिला बरं वाटलं नाही.

दुसऱ्या आवृत्तीचं प्रकाशन फेब्रुवारीत अलिबागला होतं. चौबळांनी मृणालीबाईंना मुद्दाम बोलावलं होतं. ज्यांनी दुसरी जागा मागितली, त्यांच्याच तोंडून मान्यता घ्यायची होती. सभागृह भरलेलं होतं. सातही कुऱ्हाडी मखमलीवर मांडल्या होत्या. मृणालीबाईंनी भाषणाआधी त्या एकेक हातात घेऊन पाहिल्या. त्यांच्या कपाळावर आठी होती.

चौबळांचं भाषण संपलं, प्रश्न विचारा म्हणून त्यांनी हात पुढे केला, तेव्हा नीराबाई मधल्या वाटेनं पुढे आली. तिच्या खांद्यावर गोणपाटाची पिशवी होती. स्वयंसेवक आडवे आले. मृणालीबाई म्हणाल्या, त्यांना येऊ द्या.

नीराबाईनं एक गाठ मारलेलं फडकं टेबलावर सोडलं. आतले छिलके पसरले. पहिली कुऱ्हाड तिनं डाव्या हातात धरली, एक छिलका उचलला आणि जागेवर बसवला. मग दुसरा, मग तिसरा. छिलक्यांच्या कडा ताज्या काळ्या होत्या आणि कुऱ्हाड तांबूस जुनाट, पण दोन्हींत नख जाईल एवढीसुद्धा फट उरली नाही. चौथाही तसाच बसला. तिनं दुसरं फडकं सोडलं.

"पुरं," मृणालीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "या तुम्ही कधी केल्यात?"

"गेल्या पावसाळ्यात. सातीबी."

चौबळ टेबलाच्या कडेला धरून उभे होते. ते म्हणाले की ठीक आहे, विहिरीच्या बाबतीत आपली फसवणूक झाली, आपण ते प्रकरण मागं घेऊ. पण सावरघळीशी याचा काही संबंध नाही. तिथल्या सत्तावीस खऱ्या आहेत.

मृणालीबाईंनी नवी आवृत्ती उघडली आणि चौबळांचं ते वाक्य वाचून दाखवलं. भेद करणे केवळ अशक्य आहे. मग त्या नीराबाईकडे वळल्या. "त्या सत्तावीस कुणी केल्या, तुम्हाला माहीत आहे?"

मागच्या रांगेत राही उभी होती. आई आता काय म्हणणार, याबद्दल तिला शंका नव्हती. सात माझ्या, सत्तावीस खऱ्या, आणि त्या माझ्या नवऱ्यानं काढल्या, असं दोघींचं ठरलं होतं.

"त्याबी मीच केल्या," नीराबाई म्हणाली.

विद्यापीठानं चौकशी समिती नेमली. मृणालीबाई तिच्या अध्यक्ष होत्या. सत्तावीस कुऱ्हाडी तपासायला पाठवल्या, पण फोटो चांगले यावेत म्हणून चौबळांनी त्या आधीच आम्लानं धुऊन घेतल्या होत्या. जुनी साल जवळजवळ कशावरच उरली नव्हती. मग समितीनं वह्या मागवल्या. सर्वांत महत्त्वाच्या नऊ कुऱ्हाडी ज्या दिवशी निघाल्या, त्या दिवसाची नोंदच वहीत नव्हती. कशी असेल? त्या दिवशी खड्डा बंद होता, असं चौबळांनीच पोलिसांना सांगितलं होतं आणि पुस्तकात छापलं होतं.

एप्रिलमध्ये चौबळ नीराबाईच्या घरी आले. एकटेच, रिक्षा करून. उन्हानं तोंड लाल झालं होतं. ती पाट्याला टाकी लावत होती. तिनं त्यांना बसा म्हटलं नाही. ते वरवंट्यांच्या ढिगाजवळ उभे राहूनच बोलले.

"नीराबाई, त्या खऱ्या आहेत. तुम्ही स्वतः धुतल्यात."

ते पहिल्यांदाच तिला नीराबाई आणि तुम्ही म्हणत होते.

"व्हय," ती म्हणाली. "खऱ्या हायत."

"मग समितीला सांगा. तुम्ही सोडून ते पाहिलेलं कोणी नाही. बाळाजी तेव्हा वर माती टाकत होता."

"मी सांगून काय व्हतंय? खड्डा बंद व्हता म्हनं."

चौबळ म्हणाले की ती तळटीप आपण काढू. विठोबाचं नाव शोधकर्ता म्हणून पहिल्या पानावर घालू. त्याचा फोटो असेल तर फोटोही. नीराबाईनं हातोडी थांबवली नाही.

"तुमी आदी खरं लिवून द्या," ती म्हणाली. "खाली कुनी पाठवलं, काय बोलून पाठवलं. समितीला द्या आनि पोलिसांनाबी द्या. मंग मला इचारतील तवा मी सांगीन."

त्यांना तिच्याकडून वचन हवं होतं. तिनं ते दिलं नाही, आधीचंच वाक्य पुन्हा म्हणाली. दहा दिवसांनी चौबळांनी लिहून दिलं. खड्डा चालू होता, फळ्या नव्हत्या, भिंतीला भेग असल्याचं विठोबानं सांगितलं होतं, तरी आपण त्याला अजून एक हात खाली जायला सांगितलं, आणि नऊ हातकुऱ्हाडी त्याच सकाळी त्याच्या हातून निघाल्या. नोकरी जाईल, खटला होईल, हे त्यांना कळत होतं. पण तीस वर्षांच्या कामातला तो एकच मोठा शोध होता, खरा होता, आणि तो त्यांना वाचवायचा होता.

मे महिन्यात समितीनं नीराबाईला बोलावलं. राही सोबत होती. चौबळ समोरच्या खुर्चीवर बसले होते, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. मृणालीबाईंनी त्यांचा जबाब वाचून दाखवला आणि विचारलं, हे बरोबर आहे का?

"सायबांनी त्याला खाली पाठवलं, हे खरं हाय," नीराबाई म्हणाली. "भेग पडलीया म्हनून त्यो वरडला, हेबी खरं. माजा नवरा चोर नव्हता."

"आणि त्या नऊ?"

नीराबाईनं चौबळांकडे पाहिलं. ते पुढे झुकले होते. नंतर राहीला तो चेहरा पुष्कळ दिवस आठवत राहिला. दवाखान्याच्या दाराशी बसलेल्या माणसाचा असावा तसा होता.

"त्या मी आदल्या दिशी भिंतीत घालून ठेवल्या व्हत्या. सायेब खूश व्हतील म्हनून."

मृणालीबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी दोनदा तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला आणि नीराबाईनं दोनदा तेच उत्तर दिलं. मग त्या म्हणाल्या, "बाई, त्यांतली एक मी भिंगाखाली पाहिली आहे. एका खाचेत आम्ल पोचलेलं नाही. तिथं मला जी साल दिसली ती खूप जुनी आहे. पण तेवढ्यावर मला काही म्हणता येत नाही. तुम्ही म्हणालात तर येईल."

"मी म्हनले ते लिवा," नीराबाई म्हणाली.

अहवाल आला. पुस्तक मागं घेण्यात आलं, दोन्ही आवृत्त्या. वाचनालयांतून प्रती परत गेल्या. चौबळांना विद्यापीठानं काढलं आणि त्यांच्याच जबाबावरून सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदला गेला. सत्तावीस आणि सात अशा चौतीस कुऱ्हाडी एकाच पेटीत भरून तळमजल्यावरच्या खोलीत ठेवल्या. वर चिठ्ठी लावली, 'अलीकडील, बनावट'.

परतीच्या एसटीत राही आईशेजारी बसली नाही. मुरुडला उतरल्यावर रस्त्यातच ती म्हणाली, "आबांनी आयुष्यात एकच मोठी गोष्ट केली होती. चौबळ त्यांचं नाव लावायला तयार होते. पहिल्या पानावर."

"त्याच्याच पुस्तकावर," नीराबाई म्हणाली. "त्याचं वर मोठ्या अक्षरांत आनि ह्याचं खाली बारीक. पोरं म्हनली असती, चौबळ सायेब केवढा मोठा मानूस, गरिबाचंबी नाव घातलं."

"पण खरं होतं ते. तिथं माणूस राहत होता. आता कुणाला कळणार नाही."

नीराबाईनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "त्या जुन्या मानसाची बायकोबी असंल," ती म्हणाली. "तिला समजंल."

राही नागावला गेली ती दोन महिने आली नाही. फोन केला की कामाचं तेवढं बोलायची. नीराबाईनं तिला समजावायचा प्रयत्न केला नाही. चूक झाली, असंही ती कधी म्हणाली नाही. बाळाजीनं एकदा विचारलं की वहिनी, आता गार वाटतं का? गार नाही वाटत, ती म्हणाली, पण झोप लागते.

खटला अलिबागला चालू आहे. तारखा पडतात आणि पुढे जातात. प्रत्येक तारखेला नीराबाई मुरुडहून पहिली एसटी धरते, कामाचा दिवस बुडवते आणि पहिल्या बाकावर जाऊन बसते. चौबळ वकिलाबरोबर येतात. आता ते काठी घेऊन चालतात. तिच्यासमोरून जाताना ते मान खाली घालतात, आणि ते मान वर करेपर्यंत ती नजर काढत नाही. गेल्या दोन तारखांना राहीही नागावहून आली. पुढची तारीख तिनं कारकुनाकडून विचारून घेतली आणि आईला सांगितली, पण बसली मात्र मागच्या बाकावर, दारापाशी.